जागा आहे, मोकळी नाही: कार्यालयीन जागेच्या प्रकल्पाच्या नोंदी

२ जून २०२५

आजपासून काम सुरू. आमच्या सरकारी इमारतीतल्या जवळपास प्रत्येक शाखेचं पत्र आलेलं आहे की जागा पुरत नाही, कुणाला जास्तीची खोली पाहिजे, कुणाला बाहेर भाड्याने जागा घ्यायचीय, आणि त्यात विस्तारित इमारतीचा प्रस्तावही फिरतोय. मीटिंगमध्ये साहेबांनी एकच विचारलं, आत्ता आहे ती जागा कोण किती वापरतं हे कुणी मोजलंय का. कुणीच मोजलेलं नव्हतं. म्हणून मग हा प्रकल्प.

टीममध्ये आस्थापना शाखेतल्या मॅडम, बांधकामचे कनिष्ठ अभियंता, आयटीचा एक मुलगा आणि मी. अभिलेखपाल काकांना मी मुद्दाम मागून घेतलंय, ते लवकरच रिटायर होतायत आणि कुठल्या कपाटात काय आहे हे त्यांच्याशिवाय कुणाला नीट माहीत नाही. ते गेल्यावर हे काम दुप्पट अवघड होईल.

पहिली अडचण लगेच आली. जो नकाशा मिळाला तो मूळ बांधकामाचा आहे. त्यानंतर इतकी पार्टिशनं पडलीत की दुसऱ्या मजल्यावर नकाशातला एक मोठा हॉल प्रत्यक्षात छोट्या छोट्या खोल्यांमध्ये गेलाय आणि त्यातल्या दोन खोल्यांना खिडकीच नाही. त्यामुळे आधी टेप घेऊन सगळं मोजायचं ठरलं.

५ जून

मोजणी चालू आहे. शीटमध्ये प्रत्येक खोलीपुढे फक्त क्षेत्रफळ न लिहिता ती कशासाठी वापरली जाते तेही लिहितोय: बसायची, कागदाची, लोकांच्या कामाची, मीटिंगची. आणि आणखी एक रकाना करावा लागला, 'बंद'. हा रकाना आमच्या अंदाजापेक्षा खूप जास्त भरतोय.

आज तिसऱ्या मजल्यावरची अशीच एक खोली उघडली. किल्ली कुणाकडे आहे हे शोधण्यातच सकाळ गेली, शेवटी ती दुसऱ्याच शाखेच्या ड्रॉवरमध्ये निघाली कारण खोली ज्या शाखेच्या नावावर होती ती शाखा कधीच दुसऱ्या मजल्यावर गेलेली. दार अर्धंच उघडलं, मागे लाकडी खुर्च्या एकावर एक उलट्या रचलेल्या. आत जुने डबा मॉनिटर, प्रिंटर, फुगलेल्या बॅटऱ्यांचे यूपीएस, आणि पार कोपऱ्यात एक चांगलं स्टीलचं कपाट, कुलूपबंद. खोली मात्र उत्तम आहे, दोन खिडक्या, भरपूर उजेड, वारा. शेजारच्याच शाखेत लोक व्हरांड्यात टेबल टाकून बसतात आणि इथे ही अशी खोली तुटक्या खुर्च्यांना दिलेली, हे बघून खरंच वाईट वाटलं.

१० जून

आता मुख्य मोजणी. किती लोकांना जागा लागते हे ठरवताना प्रत्येक शाखा मंजूर पदांचा आकडा देते, पण मंजूर पदं वेगळी, भरलेली पदं वेगळी, आणि एका वेळी प्रत्यक्ष टेबलावर असणारी माणसं आणखी वेगळी. रिक्त पदांची टेबलं ठेवलेली असतात आणि त्यावर फायली चढत जातात, मग ते टेबल राहत नाही, कपाट होतं.

म्हणून ठरवलं की दिवसातून ठरावीक वेळी सगळ्या मजल्यांवरून चक्कर मारायची आणि फक्त टेबल नंबर आणि भरलेलं की रिकामं एवढंच टिपायचं. नाव नाही, पद नाही. हे मॅडमनी सुचवलं आणि ते फार महत्त्वाचं होतं, कारण पहिल्याच दिवशी कुजबुज सुरू झाली की ही हजेरी तपासायला आलीत. मॅडम प्रत्येक शाखेत जाऊन बोलल्या, कागद दाखवला, बघा यात तुमचं नाव कुठेच नाहीये. फील्डवर जाणाऱ्या माणसाचं टेबल रिकामं असणं म्हणजे तो काम करत नाही असं नाही, उलट तो काम करतोय म्हणून टेबल रिकामं आहे. हे एकदा लोकांना पटलं की ते स्वतःच सांगायला लागतात की आमच्याकडे कुठल्या दिवशी गर्दी असते.

हा प्रश्न जगभर आहे. अमेरिकेत तिथल्या लेखापरीक्षण कार्यालयाने, म्हणजे जीएओने, २०२३ मध्ये २४ मोठ्या केंद्रीय खात्यांची मुख्यालयं बघितली, जानेवारी ते मार्चमधले काही आठवडे निवडून, तर त्यातली १७ खाती आपल्या मुख्यालयाच्या क्षमतेच्या सरासरी २५ टक्के किंवा त्याहून कमीच वापर करत होती. तिकडे सरकारी मालमत्तेचं व्यवस्थापन हा विषय जीएओच्या जोखमीच्या यादीत २००३ पासून आहे. आणि जानेवारी २०२५ मध्ये तर कायदाच झाला की इमारतींचा वापर मोजायचा आणि ६० टक्क्यांचं लक्ष्य धरायचं. आपल्याकडे घरून काम करण्याचं प्रमाण तसं नाही त्यामुळे ते आकडे इकडे लावू नयेत, पण मोजल्याशिवाय बोलायचं नाही ही शिस्त घेण्यासारखी आहे.

१७ जून

मोजणीचा पहिला टप्पा संपला. शाखाप्रमुखांना जे धक्कादायक वाटलं ते असं. टेबलांची कमतरता सगळीकडे नाहीये, ती दोन-तीन शाखांमध्ये एकवटलीय आणि तिथे परिस्थिती खरोखर वाईट आहे, बाकी ठिकाणी एका वेळी बरीच टेबलं रिकामी असतात. मोठं सभागृह आढावा बैठकीला भरतं आणि एरवी पडून असतं, पण दोन-तीन जणांनी बसून बोलायला कुठेच खोली नाही म्हणून माणसं जिन्यात उभी राहून फाइलवर चर्चा करतात. आणि सगळ्यात जास्त जागा माणसं खात नाहीत, कागद आणि मोडकं फर्निचर खातात.

केबिनचा विषय नाजूक आहे. पदाप्रमाणे खोलीचा आकार हे डोक्यात पक्कं बसलेलं आहे. माझं स्पष्ट मत आहे की केबिन कामावरून ठरावी, ज्याच्याकडे सुनावणी आहे, गोपनीय चौकशी आहे, तक्रार घेऊन रडणारा माणूस येतो, त्याला बंद दार पाहिजेच, मग तो कुठल्याही पदावर असो. सगळ्या भिंती पाडून एकच हॉल करायचा या मताचा मी अजिबात नाही. पण दौऱ्यावर असणाऱ्या अधिकाऱ्याची केबिन त्या दिवशी मीटिंगला वापरायला काय हरकत आहे. टेबलावरचे कागद कपाटात जातील एवढंच बघायचं. हे मांडलं तेव्हा खोलीत शांतता झाली, पण साहेब म्हणाले माझ्या अँटिचेंबरपासून सुरू करा. त्यानंतर बाकीच्यांना नाही म्हणणं जड गेलं.

२४ जून

आज पूर्ण दिवस रेकॉर्ड रूम. २१ तारखेला मंत्रालयाच्या आगीला १३ वर्षं झाली, काकांनी कामाला सुरुवात करताना तेच काढलं. त्या आगीत माणसं गेली आणि फायलीही गेल्या. जिन्याखाली गठ्ठे, पॅसेजमध्ये गठ्ठे, इलेक्ट्रिक पॅनेलला टेकून गठ्ठे, हे आपण रोज बघतो आणि रोज बघतो म्हणून दिसत नाही. जागा मोकळी करणं म्हणजे नुसतं नीटनेटकं दिसणं नाही, बाहेर पळायची वाट मोकळी असणं आहे. जिन्याखालचे सगळे गठ्ठे काहीही करून या आठवड्यात हलवायचे असं आजच ठरवून टाकलं, बाकीचं वेळापत्रक काही का असेना.

कुठला कागद किती काळ ठेवायचा याची वर्गवारी सगळ्यांना माहीत असते: अ कायम, ब ३० वर्षं, क १० वर्षं, क-१ ५ वर्षं, ड एक वर्ष. पण ती फाइल बंद करताना लावायची असते आणि तिथेच राहते. काकांनी एक गठ्ठा उघडून दाखवला. गठ्ठा बांधलेला रुमाल इतका जुना की गाठ सोडवताना फाटलाच. आत एका बंद झालेल्या योजनेची फाइल, त्यात एकाच परिपत्रकाच्या ढीगभर झेरॉक्स, मासिक बैठकीच्या नोटिसा, पोहोच पावत्या, स्मरणपत्रं, स्मरणपत्रांची स्मरणपत्रं, आणि या सगळ्याच्या मधोमध एक जमिनीसंबंधीचा मूळ आदेश, सहीशिक्क्याचा. तो आदेश कायम ठेवायचा कागद, बाकी बहुतेक सगळं ड. काका म्हणाले, बघा, या एका कागदाच्या भीतीने हा आख्खा गठ्ठा कुणी हात लावत नाही. मला वाटतं रेकॉर्ड रूमचं सगळं दुखणं यात आलं. फेकलं आणि उद्या कुणी माहिती अधिकारात मागितलं तर? म्हणून काहीच फेकायचं नाही. पण माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये अभिलेख सूचिबद्ध ठेवायलाच सांगितलंय, मुदत संपलेला कागद रीतसर यादी करून, मंजुरी घेऊन नष्ट केला तर घाबरायचं कारण नाही. भीती वाटायला पाहिजे ती यादी नसण्याची.

सहा गठ्ठे पद्धत ही नवीन गोष्ट नाही, प्रत्येक टेबलावर चालू प्रकरणं, प्रतीक्षेतली, नियतकालिकं, स्थायी आदेश, रेकॉर्डला पाठवायची आणि नष्ट करायची असं वेगळं लावायचं. अहमदनगरला जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी १९८० च्या दशकात बसण्याची व्यवस्था, टेबलं, रेकॉर्ड सगळं एकत्र धरून कार्यालयाची रचना बदलली होती, लखिना पॅटर्न म्हणून जुनी माणसं अजून सांगतात. त्यातली मला सगळ्यात पटणारी गोष्ट म्हणजे जागा आणि कागद हे त्यांनी दोन वेगळे प्रश्न मानले नाहीत.

आयटीच्या मुलाचं म्हणणं होतं की सरळ सगळं स्कॅन करू. त्याला काकांनीच उत्तर दिलं, आधी निवड, मग स्कॅन, नाहीतर कचराच स्कॅन होईल आणि शोधताना पुन्हा तोच गोंधळ, फक्त स्क्रीनवर. शिवाय स्कॅन झालं म्हणून मूळ अ वर्गाचा कागद नष्ट करता येत नाही. तेव्हा स्कॅनिंगने जागा वाचते हे अर्धंच खरं आहे, जागा निवडीने वाचते.

१ जुलै

आज जरा वाद झाला आणि तो व्हायलाच पाहिजे होता. रेकॉर्डसाठी कॉम्पॅक्टर घ्यायचे, म्हणजे रुळावर सरकणारी कपाटं, मधल्या गल्ल्या वाचतात, आणि ते तिसऱ्या मजल्यावर ठेवायचे म्हणजे खालची जागा मोकळी होते असा प्रस्ताव होता. दिसायला एकदम बरोबर. अभियंत्यांनी अडवलं.

त्यांनी फळ्यावर गणित मांडलं ते इथे लिहून ठेवतो, कुणाच्याही उपयोगी पडेल. ए-फोर कागदाचं ५०० पानांचं रिम साधारण अडीच किलो. त्याची जाडी साधारण पाच सेंटिमीटर. म्हणजे एक मीटर लांबीच्या फळीवर कागद खचाखच उभे लावले तर २० रिम, ५० किलो. सहा फळ्यांचं कपाट म्हणजे ३०० किलो, कपाटाचं वजन सोडून. कपाटाची खोली ४० सेंटिमीटर धरली आणि कॉम्पॅक्टरमध्ये कपाटं एकमेकांना चिकटून उभी राहतात, तर एका चौरस मीटरवर ७५० किलो येतात. फायली इतक्या घट्ट बसत नाहीत हे खरं, पण आता दुसरी बाजू बघा. आयएस ८७५, म्हणजे इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक, त्याप्रमाणे साधी ऑफिसची खोली, जिथे साठवणूक वेगळी आहे, तिथे स्लॅबवर धरायचा भार २.५ किलोन्यूटन, म्हणजे चौरस मीटरला साधारण २५० किलो. कागद साठवायच्या खोल्यांना ५ किलोन्यूटन. आपला तिसरा मजला ऑफिस म्हणून बांधलाय. तिप्पट वजन आपण त्यावर ठेवायला निघालो होतो.

तर कॉम्पॅक्टर जमिनीवरच. पण तळमजला आपल्याला लोकांसाठी पाहिजे. शेवटी असं ठरलं की तळमजल्याचा मागचा, खिडकी नसलेला भाग अ आणि ब वर्गाच्या कागदांना, पुढचा उजेडाचा भाग लोकांना. क वर्ग वरच्या मजल्यांवर, पण कमी उंचीच्या रॅकमध्ये, भिंतीलगत, अभियंत्यांनी तुळई बघून खूण करून दिलेल्या ठिकाणीच. आणि खरेदी करायच्या आधी निवड पूर्ण करायची. मोकळं झाल्यावर किती मीटर फायली उरतात ते बघू, कदाचित साधे रॅकसुद्धा पुरतील.

९ जुलै

निर्लेखन, म्हणजे निकामी वस्तू रीतसर नोंदीतून काढणं. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे फर्निचर-यंत्रांची नोंदवही, आणि प्रत्यक्ष वस्तू यांचा मेळ बसवणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि तेच केल्याशिवाय एक खुर्चीसुद्धा हलत नाही. रजिस्टरला आहे पण सापडत नाही, सापडते पण रजिस्टरला नाही, दोन्ही प्रकार. त्या कुलूपबंद कपाटात काय निघालं तर कोरी छापील फॉर्मची पुस्तकं, जे फॉर्म आता ऑनलाइन भरतात.

कॉम्प्युटर आणि बॅटऱ्या भंगारवाल्याला द्यायच्या नाहीत, ई-कचऱ्याचे आणि बॅटरी कचऱ्याचे २०२२ चे नियम आहेत, नोंदणीकृत रिसायकलरलाच जाणार. त्याआधी आयटीचा मुलगा सगळ्या हार्ड डिस्क काढून घेतोय, कारण त्यात लोकांची कागदपत्रं आहेत, त्यांचे पत्ते, फोटो, सगळं. हे काम कुणी सांगितलं नव्हतं, त्याने स्वतःहून घेतलं.

केंद्राच्या कार्यालयांमध्ये २०२१ पासून दर ऑक्टोबरमध्ये २ ते ३१ तारखेपर्यंत विशेष मोहीम असते, प्रलंबित प्रकरणं आणि भंगार काढायची, पहिल्याच वर्षी सुमारे १२ लाख चौरस फूट जागा मोकळी झाली असं त्यांनी जाहीर केलं होतं. मोहिमेचा फायदा असा की निर्लेखन समिती ठरलेल्या तारखेला बसते. एरवी ती बसतच नाही, आणि तिच्या सहीसाठी खोल्या वर्षानुवर्षं अडकून पडतात. म्हणून आपण समितीची तिमाही बैठक कायमची कॅलेंडरला टाका असं टिपणीत लिहिलंय.

१६ जुलै

कर्मचारी संघटनेबरोबर बैठक. विषय टेबल शेअर करण्याचा. त्यांचा पहिला प्रश्न अगदी रास्त होता, आमची कपाटं कुठे जाणार. मोबाइल चार्जर, औषधं, छत्री, डबा, एक स्वेटर, माणसाला दिवसभर जिथे बसायचं तिथे स्वतःची चार वस्तूंची जागा लागतेच. त्यामुळे नियम असा केला, टेबल शेअर होईल पण कुलूप लावता येणारा कप्पा प्रत्येकाला स्वतःचा. आणि शेअरिंग फक्त फील्डच्या लोकांसाठी. रोखपाल, आस्थापना, आवक-जावक, गोपनीय शाखा, दिव्यांग सहकारी ज्यांच्यासाठी टेबल मुद्दाम बसवून घेतलंय, यांना हात लावायचा नाही.

ब्रिटनमध्ये कर खात्याने २०१५ मध्ये १७० च्या आसपास कार्यालयं कमी करून १३ मोठ्या प्रादेशिक केंद्रांत जायचं जाहीर केलं. सरकारी कार्यालयांसाठी तिथे माणशी ८ चौरस मीटरचं लक्ष्यही धरलेलं होतं. आकडा वाचून आमच्यातले एक जण लगेच म्हणाले आपणही माणशी आकडा ठरवू. मला तसा सरसकट आकडा नको वाटतो. नकाशे तपासणाऱ्याला मोठं टेबल लागतं, टायपिंग करणाऱ्याला शांतता लागते, सरासरीत दोघंही बसत नाहीत. आकडा इमारतीचा अंदाज घ्यायला ठीक, माणसाला बसवायला नाही.

एक गोष्ट महिला प्रतिनिधींनी मांडली आणि ती यादीत सगळ्यात वर घेतली. हिरकणी कक्ष, म्हणजे बाळाला दूध पाजण्यासाठीची खोली, कागदावर आहे, प्रत्यक्षात त्यात झेरॉक्सचं सामान आहे. ते उद्याच बाहेर.

२३ जुलै

तळमजला. इथे येणारी माणसं बाहेर उन्हापावसात रांगेत उभी असतात आणि आत पहिल्या हॉलमध्ये कपाटांची भिंत आहे. ज्या कामांना सगळ्यात जास्त लोक येतात, दाखले, नकला, अर्ज स्वीकारणं, ती काउंटरं तीन वेगवेगळ्या मजल्यांवर. एका आजींना नक्कल मागायला दुसऱ्या मजल्यावर, चलनाला खाली, पुन्हा सहीला वर असं करताना बघितलं, लिफ्ट बंद होती. मी त्यांच्याबरोबर चाललो, वेळ लावून नाही, नुसतं त्यांच्या वेगाने, आणि माझ्या डोक्यातला सगळा प्राधान्यक्रम बदलला. मोकळी झालेली पहिली चांगली जागा कुठल्याही शाखेला नाही, लोकांना. बसायला बाक, पाणी, काउंटर एका रांगेत, एक काउंटर व्हीलचेअरवरून हात पोहोचेल एवढं खाली. दारं मोजली, दोन दारं ९०० मिलिमीटरपेक्षा अरुंद निघाली, ती रुंद करायला घेतलीत.

५ ऑगस्ट

हलवाहलवी सुरू. याला क्रम लागतो. सरकत्या ठोकळ्यांच्या खेळात एक घर रिकामं असलं तरच बाकीचे ठोकळे हलतात, तसं आधी एक खोली पूर्ण रिकामी पाहिजे. आपल्याला ती तिसऱ्या मजल्यावरची खुर्च्यांची खोली मिळाली. तिथे एक शाखा तात्पुरती जाते, तिची जागा नीट होते, ती परत येते, मग पुढची. शुक्रवारी दुपारी फायली बांधायच्या, सोमवारी सकाळी काम चालू. प्रत्येक गठ्ठ्याला मजला, खोली, रॅक, फळी असा नंबर, आणि तो आधी शीटमध्ये चढल्याशिवाय गठ्ठा उचलायचा नाही. शिपाई मामांनी प्रत्येक शाखेच्या गठ्ठ्यांना वेगळ्या रंगाची सुतळी लावली, त्यामुळे गोंधळ झालाच नाही.

१३ ऑगस्ट

भाड्याच्या जागेचे प्रस्ताव सध्या थांबवलेत. विस्तारित इमारतीचा प्रस्ताव रद्द नाही, पण आता त्याला मोजणीचा तक्ता जोडूनच पुढे जायचं असं ठरलंय, आणि त्या दोन-तीन शाखा जिथे खरंच दाटी आहे त्यांची गरज त्यात ठळक दिसते. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सगळेच जागा मागत होते तेव्हा ज्यांना खरी गरज होती त्यांचा आवाज त्यात हरवत होता.

आणखी एक आदेश निघाला. खोली शाखेच्या मालकीची नाही, इमारतीची आहे. शाखा हलली की किल्ली त्याच दिवशी आस्थापनेकडे, खोली रिकामी करूनच. खोली वाटपाची एकच नोंदवही, ऑनलाइन, सगळ्यांना दिसणारी. पार्टिशन टाकायचं तर अभियंत्यांची सही आणि नकाशात बदल, दोन्ही झाल्याशिवाय नाही.

२९ ऑगस्ट

दुसऱ्या फेरीची मोजणी पुढच्या आठवड्यात, त्याच पद्धतीने, त्याच वेळांना, म्हणजे तुलना करता येईल. रेकॉर्डमध्ये ब वर्गाची निवड चालू आहे, क संपत आलाय. काकांबरोबर दोन तरुण लिपिक बसवलेत, ते रोज दुपारी त्यांच्याकडून रॅकची माहिती लिहून घेतात. लिफ्टच्या दुरुस्तीचं पत्र पुन्हा पाठवलं. राहिलेलं: छोट्या मीटिंग रूमचं बुकिंग, पहिल्या मजल्याच्या पॅसेजमधली शेवटची चार कपाटं, आणि मागच्या दाराचं कुलूप, जे आपत्कालीन मार्गावर आहे आणि अजून बाहेरूनच लागतं, ते सोमवारी अभियंत्यांसोबत उभं राहून बदलून घ्यायचंय.